शिकागो ते ॲरिझोना, भर हिवाळ्यात आरव्हीतून: पहिल्यांदा निघणाऱ्या जोडप्यांसाठी

मुलं आपापल्या संसारात रमली, नोकरी संपली आणि डिसेंबर ते मार्च ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसणं नको झालं, की मिडवेस्टमधल्या मराठी घरांत आरव्हीचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, विषय निघतोच. आम्ही दोघं शिकागोच्या उपनगरात राहतो. जानेवारीच्या सुरुवातीला आरव्ही घेऊन दक्षिण ॲरिझोनाकडे निघतो आणि एप्रिलमध्ये परततो. ओळखीतली जोडपी आधी विचारतात ती गाडीची लांबी, किंमत आणि मायलेज. पण ह्या प्रवासात खरं सांभाळायचं असतं ते पाणी. बाहेर पाणी गोठवणारी थंडी आणि गाडीच्या पोटात पाण्याच्या नळ्या, असा हा मामला आहे. ते एकदा समजलं की बाकीचं सवयीने जमतं. म्हणून खाली पाण्याबद्दल आणि रस्त्याबद्दल जास्त लिहिलं आहे, बाकीचं थोडक्यात.

१. गाडी: भाड्याची की विकतची?

पहिल्या वर्षी भाड्याचीच घ्या, असं मी ठामपणे सांगते. त्यातही शक्य असेल तर विमानाने फिनिक्स किंवा लास व्हेगासला जा आणि गाडी तिथून घ्या. बर्फाचा भाग टळतो आणि एवढ्याशा जागेत दोघांचं कितपत जमतं तेही कळतं. घरूनच निघायचं ठरलं असेल, तर भाड्याच्या करारात तीन गोष्टी नीट वाचा: रोज किती मैल मोफत आहेत, जनरेटरचे तासाला किती पैसे लागतात, आणि थंडीत पाण्याची यंत्रणा वापरायला परवानगी आहे का. नळ्या फुटल्या तर तो खर्च बहुतेक वेळा तुमच्या माथी येतो. आपल्या कारचा विमा आरव्हीला लागू होईल असं गृहीत धरू नका. विमा कंपनीला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आरव्हीचे ढोबळ तीन प्रकार: बससारखी क्लास ए, व्हॅनसारखी क्लास बी, आणि केबिनवर पलंग असलेली क्लास सी. दोघांसाठी २२ ते २५ फुटी क्लास सी पुरते. यातल्या बऱ्याच गाड्या फोर्ड ई-४५० च्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात, त्याचं कमाल वजन १४,५०० पौंड. नेहमीचा परवाना चालतो. मोठी क्लास ए घेणार असाल तर आपल्या राज्याचा नियम आधी बघा. मायलेज गॅलनला आठ ते दहा मैल धरा, म्हणजे एका बाजूच्या प्रवासाला साधारण दोनशे ते अडीचशे गॅलन पेट्रोल लागेल.

विकत घेताना 'फोर सीझन' ह्या स्टिकरला भुलू नका. त्याला कुठलंही ठरलेलं मानक नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या परीने तो शब्द वापरते. खाली वाका आणि स्वतः बघा: पाण्याच्या टाक्या उघड्या लोंबताहेत की बंदिस्त आहेत? त्या बंदिस्त जागेत फर्नेसची (गाडी उबदार ठेवणाऱ्या यंत्राची) गरम हवा पोचते का? टायरवरचा डॉट क्रमांकही (DOT अक्षरांपुढचा) वाचा. शेवटचे चार आकडे ३२१९ असतील तर तो टायर २०१९ च्या ३२ व्या आठवड्यात बनला. आरव्ही उभीच जास्त असते, त्यामुळे नक्षी नवी दिसते पण रबर म्हातारं झालेलं असतं. सहा-सात वर्षं झाली की टायर बदलाच.

आणि गाडी दोघांनाही चालवता आली पाहिजे. बऱ्याच घरांत एकच जण चालवतो आणि त्याला ताप आला की सगळं अडतं. रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये दोघांनी आळीपाळीने सराव करा. मागे घेताना एकाने बाहेर, चालवणाऱ्याला आरशात दिसेल अशा जागी उभं राहायचं. हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या, कारण 'थोडं इकडे' म्हणजे नक्की कुठे, यावरून होणारे वाद त्याने वाचतात.

२. कागदपत्रं आणि सामान

एका फाइलमध्ये ठेवा:
- दोघांचे परवाने, गाडीचं रजिस्ट्रेशन, विमा, भाड्याचा करार
- ग्रीन कार्ड, किंवा पासपोर्ट आणि आय-९४ (देशात शिरल्याची सरकारी नोंद). नागरिक नसलेल्या प्रौढांनी ही कागदपत्रं जवळ बाळगणं कायद्यानेच बंधनकारक आहे. न्यू मेक्सिकोतल्या लास क्रूसेसच्या पश्चिमेला आय-१० ह्या महामार्गावर बॉर्डर पेट्रोलचं तपासणी नाकं आहे, तिथे विचारतात
- औषधांच्या चिठ्ठ्या. निघताना ९० दिवसांची औषधं मागून घ्या
- आरव्हीला लागू असणाऱ्या रोडसाइड असिस्टन्सचं कार्ड. कारचा साधा प्लॅन आरव्ही ओढून नेईलच असं नाही
- बासष्टी ओलांडलेल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना नॅशनल पार्कचा सीनियर पास मिळतो. आजीवन पास ८० डॉलर. केंद्र सरकारच्या अनेक कॅम्पग्राउंडवर भाडंही निम्मं होतं

गाडीत हवं: पाण्याचा दाब आवरणारा प्रेशर रेग्युलेटर, पिण्याच्या पाण्याचा पांढरा होज, सांडपाण्याचा होज आणि त्याला पारदर्शक कोपरा, रबरी हातमोजे, ३० आणि ५० अँपचे अडॅप्टर, सर्ज प्रोटेक्टर, चाकांना लावायचे ठोकळे, लेव्हलिंग ब्लॉक, हवा मोजायचा गेज, फावडं, टॉर्च आणि जाड ब्लँकेटं.

गाडीची उंची कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. एसी धरून ती साधारण ११ ते १२ फूट भरते. फोनवरच्या नकाशाला ती माहीत नसते, आणि शिकागोतल्या जुन्या रेल्वेपुलांखालून जाताना तोच आकडा कामी येतो.

३. घर बंद करताना

मुख्य नळ बंद करून नळ्यांतलं पाणी सोडून द्या, थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटवर ठेवा. बरेच दिवस रिकाम्या राहिलेल्या घराबद्दल विमा पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचा. पोस्टात टपाल रोखून ठेवण्याची मर्यादा ३० दिवसांची आहे. त्याहून जास्त दिवस जाणार असाल तर तात्पुरता पत्ताबदल करा.

४. पाणी: निघताना गाडी कोरडी हवी

नियम सोपा आहे. रात्रीचं तापमान ३२ फॅरनहाइटच्या खाली जाणाऱ्या प्रदेशातून जाताना नळ्यांत पाणी नको. घरून निघतानाच गाडी 'विंटराइझ' केलेली, म्हणजे नळ्यांत पाण्याऐवजी न गोठणारं अँटिफ्रीझ भरलेली असावी, आणि थंडीचा पट्टा ओलांडेपर्यंत तिच्या नळाला हात लावायचा नाही.

विंटराइझ करण्याचा क्रम असा:

पिण्याच्या पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करा. वॉटर हीटर बंद करून तो थंड होऊ द्या आणि मगच त्याचं बूच काढा. गरम असताना उघडलात तर उकळतं पाणी अंगावर येतं. मग हीटरचा बायपास व्हॉल्व्ह फिरवा. तो राहिला तर हीटरची टाकीच अँटिफ्रीझ पिऊन टाकते आणि नळ्यांपर्यंत काही पोचत नाही. पंपाची नळी थेट गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझच्या बाटलीत घाला. पंप चालू करून एकेक नळ उघडा, आधी गरम बाजू, मग गार, आणि गुलाबी रंग दिसेपर्यंत वाहू द्या. शॉवर, बाहेरचा शॉवर, टॉयलेटचा फ्लश, सगळं आलं. बाहेरचा शॉवर लोक हमखास विसरतात आणि नेमकी तीच नळी फुटते. शेवटी प्रत्येक सिंकच्या भोकात कपभर ओता. दोन-तीन गॅलनमध्ये काम होतं.

गुलाबी अँटिफ्रीझ प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं, ते पिण्याच्या नळ्यांत चालतं. कारच्या रेडिएटरमधलं बहुतेक वेळा एथिलीन ग्लायकॉलचं असतं आणि ते विषारी आहे. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात. लेबल वाचूनच उचला.

मग वाटेतले दिवस काढायचे कसे? प्यायला आणि स्वयंपाकाला दुकानातले गॅलनचे कॅन. भांडी कमी निघतील असं जेवण. टॉयलेट वापरलं की मगभर अँटिफ्रीझ ओतायचं, म्हणजे खालची टाकी गोठत नाही. आंघोळीसाठी ट्रक स्टॉपवरचे शॉवर स्वच्छ असतात, पैसे भरले की टॉवेलही मिळतो. कधी एखादी रात्र मोटेलमध्ये काढावी. त्यात कमीपणा काही नाही.

पाणी भरायचं कधी, ते दिवसाच्या उन्हावरून ठरवू नका. पुढच्या चार-पाच रात्रींचं किमान तापमान बघा. इथे बरेच जण फसतात. डॅलसला ऊन लागलं की वाटतं थंडी संपली, पण पुढे रस्ता वर चढतो आणि लास क्रूसेसला जानेवारीच्या रात्री पाणी गोठतं. टूसॉनला पोचून पाणी भरणं सगळ्यात निर्धास्त. भरण्याआधी नळ्या गुलाबी रंग जाईपर्यंत धुवा. मग १५ गॅलनला पाव कप साधं ब्लीच, ह्या प्रमाणात टाकी निर्जंतुक करून पुन्हा खळखळून धुवा. हीटर पाण्याने भरला आहे याची खात्री करूनच त्याचं बटण दाबा. कोरड्या टाकीत विजेचा एलिमेंट क्षणात जळतो.

वाळवंटातही एखाद्या रात्री पारा तिशीच्या खाली जातो. तेव्हा बाहेरचा होज संध्याकाळीच काढून ठेवा आणि टाकीतलं पाणी पंपाने वापरा. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, म्हणजे आतली ऊब नळ्यांपर्यंत जाते. नळी गोठलीच तर हेअर ड्रायरने हळूहळू मोकळी करा, ज्योत जवळ नेऊ नका.

५. रस्ता: लांबचा बरा

नकाशा तुम्हाला सेंट लुइस, ओक्लाहोमा सिटी, अमरिलो, आल्बुकर्की असा आय-४४ आणि आय-४० चा रस्ता सुचवेल. उन्हाळ्यात तो छान आहे. जानेवारीत आम्ही तो घेत नाही. टेक्सासच्या पॅनहँडलमध्ये, म्हणजे उत्तर टोकाला, उघड्या माळावर आडवा वारा सुटतो, आणि आय-४० वरच सरळ पुढे गेलात तर फ्लॅगस्टाफ सात हजार फुटांवर आहे. तिथे बर्फ म्हणजे आपल्या शिकागोसारखाच, शिवाय घाट.

आम्ही आय-५७ ने खाली उतरतो, मग आय-५५ ने मेम्फिसच्या अलीकडे वेस्ट मेम्फिस, तिथून आय-४० वर लिटल रॉक, आय-३० ने डॅलस, आय-२० ने पश्चिम टेक्सास आणि पुढे आय-१० ने एल पासो, लास क्रूसेस, डेमिंग, लॉर्ड्सबर्ग, टूसॉन. साधारण १,९५० मैल होतात, आल्बुकर्कीहून खाली उतरणाऱ्या रस्त्यापेक्षा शंभरएक मैल जास्त. पण थंडीचा पट्टा लवकर मागे पडतो आणि सगळ्यात उंच भागही पाच हजार फुटांच्या आसपासच राहतो.

दक्षिणेत बर्फ नाही असं मात्र समजू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये फोर्ट वर्थला आय-३५ डब्ल्यूवर डोळ्यांना न दिसणाऱ्या बर्फाच्या थरामुळे १३० हून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि सहा माणसं गेली. टेक्सासमध्ये मीठ टाकणारे ट्रक इलिनॉयइतके नाहीत. पूल रस्त्याच्या आधी गोठतो, कारण त्याच्या खालूनही गार वारा वाहतो. तापमान तिशीत असेल आणि रस्ता ओला असेल तर क्रूझ कंट्रोल बंद, वेग कमी, पुलावर ब्रेक नाही. फ्रीझिंग रेनचा (पडताच गोठणाऱ्या पावसाचा) इशारा असेल तर गाडी हलवायचीच नाही. एक दिवस उशिरा पोचल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

लॉर्ड्सबर्गजवळ आय-१० एका कोरड्या तळ्याच्या पात्रातून जातो. तिथे धुळीचं वादळ उठलं की समोरचं बोनेटही दिसत नाही. अशा वेळी रस्त्यापासून शक्य तितकं बाजूला जा, थांबा, सगळे दिवे बंद करा आणि पाय ब्रेकवरून काढा. मागून येणारा तुमचे लाल दिवे बघून 'रस्ता इकडेच आहे' असं समजतो आणि थेट येऊन धडकतो, म्हणून दिवे बंद.

रोज सकाळी नॅशनल वेदर सर्व्हिसचा अंदाज आणि त्या त्या राज्याची रस्त्यांची माहिती बघूनच किल्ली फिरवा.

६. दिवसाला किती मैल?

तीनशेच्या वर नाही, आणि तिसऱ्या प्रहरी तीनच्या सुमारास मुक्कामाला. डिसेंबरात शिकागोला साडेचारच्या आत सूर्य मावळतो, जानेवारीतही फारसा फरक नसतो, आणि अंधारात अनोळखी जागी २५ फुटी गाडी लावणं त्रासाचं आहे. वाऱ्याचे झोत ताशी ४० मैलांवर जाणार असतील तर त्या दिवशी मुक्काम वाढवा. बाजूने ट्रक गेला की गाडी आधी ओढली जाते, मग ढकलली जाते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, पण झटका देऊ नका.

टायरची हवा सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी तपासा. तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब सुमारे एक पीएसआय कमी होतो. शिकागोत भरलेली हवा ॲरिझोनात पुन्हा जुळवावी लागते.

७. ऊब आणि श्वास

फर्नेस प्रोपेनवर चालतो, पण त्याचा पंखा गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. टाकीत प्रोपेन भरपूर असूनही पहाटे तीनला गारठून जाग येते ती बॅटरी उतरल्यामुळे. म्हणून थंडीच्या पट्ट्यातल्या रात्री विजेची जोडणी असलेल्या जागीच काढा. ३०,००० बीटीयूचा फर्नेस सलग चालला तर तीन तासांत एक गॅलन प्रोपेन संपतो. निम्मी टाकी झाली की भरून घ्या. लिथियम बॅटरी असेल तर तिचं तापमान ३२ च्या खाली असताना चार्ज करू नका, ती कायमची बिघडते.

कार्बन मोनॉक्साइडचा आणि प्रोपेन गळतीचा, दोन्ही डिटेक्टर निघण्याआधी दाबून बघा आणि मागची तारीख वाचा. ते काही वर्षांनी निकामी होतात. ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटवून ठेवू नका. जनरेटर चालवून झोपू नका. छताची एक खिडकी रात्री बोटभर उघडी ठेवा. थोडी ऊब जाते, पण दोन माणसांच्या श्वासाने काचांवर जमणारं पाणी गादीखाली उतरत नाही.

पेट्रोल भरताना फ्रिज आणि हीटर गॅसवर चालू नाहीत ना, हे बघण्याची जबाबदारी दोघांपैकी एकाने कायमची घ्यावी. आमच्याकडे ती माझी आहे. पंपावर गाडी वळली की मी उठते.

८. आपला स्वयंपाक, त्यांची गाडी

३० अँपच्या जोडणीवर एकूण ३,६०० वॉट मिळतात. छोटा हीटर १,५००, मायक्रोवेव्ह १,५००, इन्स्टंट पॉट १,०००. तिन्ही एकदम लावलेत की ब्रेकर पडतो. वरणभात लावायचा असेल तर तेवढा वेळ हीटर बंद.

कुकरच्या शिट्ट्यांनी काचा घामेजतात, म्हणून पंखा लावूनच कुकर ठेवा. फोडणीच्या धुराने स्मोक अलार्म ओरडतो. त्याची बॅटरी काढून ठेवण्याचा मोह टाळा. मी मोहरी, हिंग, हळद, मिरची घालून फोडणीची बरणीच घरून भरून नेते आणि थंडीच्या पट्ट्यात चमचा-चमचा वापरते. मेतकूट, भाजणी, दाण्याचं कूट, लसणीची चटणी आणि भरपूर पोहे असले की वाटेतले दिवस निभावतात. तेलकट भांडी आधी कागदाने पुसा, मग धुवा. तेल ग्रे टँकमध्ये (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याच्या टाकीत) गेलं की भिंतींना चिकटतं आणि ॲरिझोनाच्या उन्हात वास सुटतो.

कढीपत्त्याची कुंडी घरीच ठेवा. ह्या झाडावर लिंबूवर्गीय बागांचा रोग पसरवणारा बारीक किडा राहतो, त्यामुळे ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडे त्यावर निर्बंध आहेत. पुढे कॅलिफोर्नियात शिरणार असाल तर आय-१० वर ब्लाइदला नाक्यावर फळांबद्दल विचारतात. लिंबं-संत्री असतील तर खरं सांगा.

९. मुक्काम आणि डंप स्टेशन

उत्तरेकडची बरीच कॅम्पग्राउंड हिवाळ्यात बंद असतात, किंवा चालू असली तरी पाणी तोडलेलं असतं. फोन करून विचारा: वीज आहे का, डंप (टाकीतलं सांडपाणी सोडायची जागा) चालू आहे का. वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये रात्र काढता येते असं सगळे सांगतात, पण ते त्या त्या दुकानावर आणि गावाच्या नियमावर आहे. आत जाऊन विचारा.

डंप करताना आधी ब्लॅक टँक (टॉयलेटची टाकी), मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज धुतला जातो. हूकअपवर (कॅम्पग्राउंडच्या वीज-पाणी-सांडपाण्याच्या जोडणीवर) असताना ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका. पातळ निघून जातं, घट्ट तळाशी साठतं आणि नंतर कशानेही हलत नाही. टाकी दोन तृतीयांश भरली की सोडा. हातमोजे घाला, पिण्याच्या होजला त्या हातांनी शिवू नका. हे कामही दोघांना यायला हवं.

१०. ॲरिझोनात पोचल्यावर

टूसॉनजवळचं कॅटलिना स्टेट पार्क फार सुंदर आहे, पण जागा काही महिने आधी धरावी लागते. सरकारी वाळवंटी जमिनीवर बहुतेक ठिकाणी १४ दिवस मोफत राहता येतं, वीज-पाणी नाही. लांबचा मुक्काम हवा असेल तर क्वार्ट्झसाइटजवळ ला पोसा नावाची जागा आहे, जिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल ह्या संपूर्ण हंगामाचा परवाना १८० डॉलर आणि १४ दिवसांचा ४० डॉलर असा दर चालत आलेला आहे. निघण्याआधी ताजा दर बघून घ्या. त्यात पाणी आणि डंप येतं. जानेवारीत तिथे आरव्हींचं मोठं प्रदर्शन भरतं आणि गाव माणसांनी फुलतं. गर्दी नको असेल तर फेब्रुवारीच्या मध्यावर जा. गेलात की गावच्या दफनभूमीत हाय जॉलीची समाधी बघा: १८५६ मध्ये अमेरिकन सैन्याच्या उंटांबरोबर आलेला हाजी अली. दगडी पिरॅमिडच्या टोकावर उंट आहे.

११. परतताना

मार्चअखेरीस घरची ओढ लागते, पण शिकागोला एप्रिलमध्येही रात्री पाणी गोठतं. आम्ही एप्रिलच्या मध्यापर्यंत थांबतो, आणि वाटेतल्या रात्रींचा अंदाज तिशीत दिसला तर डॅलसच्या आधी पुन्हा विंटराइझ करतो. त्यासाठी अँटिफ्रीझच्या तीन बाटल्या जानेवारीतच जास्त घेऊन ठेवा. वसंतात टेक्सास-अर्कान्सामध्ये टोर्नेडोचे दिवस सुरू होतात. संध्याकाळी मुक्कामाला लागलात की ऑफिसमध्ये तीन गोष्टी विचारा आणि फ्रिजवर लिहून ठेवा: ही काउंटी (जिल्हा) कोणती, भोंगा वाजला तर आसरा कुठे, आणि तिथे पायी जायला किती मिनिटं लागतात. इशारे काउंटीच्या नावाने येतात, आणि भोंगा वाजल्यावर आरव्हीत थांबायचं नसतं.